शैलजा मगदूम आणि दाराची बेल

आमच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे. मध्यभागी आमचे मालक अण्णा उभे आहेत आणि त्यांच्या डोक्याला बारीक नक्षीचं ओमानी कापड गुंडाळलेलं आहे. डावीकडं आहेत ते मस्कतचे व्यापारी, ज्यांनी ते स्वतःच्या हातानं गुंडाळलं. उजवीकडं शैलजा मगदूम, तोंड उघडं टाकून हसणारी. आणि तिच्याही पलीकडं, चौकटीच्या अगदी कडेला, एक कोपर दिसतं. ते माझं आहे. त्या कोपरापुढच्या हातात फेट्याचं ताट होतं, पण फोटोग्राफरला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

परवा नव्यानं लागलेल्या अकाउंटंटबाईंनी विचारलं, "मॅडम, या कोण?"

मी म्हटलं, "होत्या एक. आता तिकडं आफ्रिकेत, मोंबासाला असतात."

"म्हणजे त्याच का, बेलवाल्या?"

तिला जाऊन पाच वर्षं झाली आणि कालपरवा लागलेल्या बाईलासुद्धा तिची गोष्ट माहीत. ती गोष्ट माझ्या घरात घडली, माझ्या सासूबाईंच्या खांद्यावर घडली, हे मात्र कुणाला माहीत नाही. म्हणून म्हटलं, आता मीच लिहावं. तिच्याबद्दल माझ्या पोटात दुखतं हे लपवण्यात अर्थ नाही. अख्ख्या ऑफिसला ते ठाऊक आहे.

आमची कंपनी सुती गाऊन बनवते. कोल्हापूरजवळ, शिरोलीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. गाऊन म्हणजे ज्याला खोक्यावर 'नायटी' असं छापलेलं असतं आणि जो आमच्याकडं रात्र सोडून सगळ्या वेळी घातला जातो तो. दूध आणायला गाऊन, भाजीच्या गाड्यावर गाऊन, पोरांना शाळेच्या रिक्षात बसवायला गाऊन. अट एकच, खांद्यावर टॉवेल हवा. टॉवेल आला की पोशाख पूर्ण झाला, मग त्यावर कुणी बोट ठेवत नाही. टॉवेल नसेल तर समोरच्या गॅलरीतल्या बायकांना आठवडाभर विषय पुरतो.

शैलजा आणि मी एकाच वर्षी एमबीए झालो, एकाच विद्यापीठातून, आणि एकाच महिन्यात इथं लागलो. मार्क मला जास्त होते. हे मी सांगितलं नसतं, पण दुसरं कुणी सांगणार नाही. अण्णांनी पहिल्याच दिवशी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "माल भाईर धाडायचा हाय. जम बसला की तुमच्यातली एक जण तिकडं जाईल." त्याच आठवड्यात मी पासपोर्टचा अर्ज भरला. आमच्या घराण्यात कुणी पासपोर्ट काढला नव्हता. चुलते विचारायचे, "तुला कोण बोलवालंय तिकडं?"  मला जायचं होतं. एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात मनापासून मागितली, लग्नाआधी आणि लग्नानंतरही.

शैलजा हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यातली. जैन घर, ऊसशेती आणि जोडीला खताचं दुकान. विकणं तिच्या घरात जेवणाइतकं रोजचं होतं. आमच्या बाजूच्या पुष्कळ बायकांसारखी ती 'मी जातो, मी करतो' असंच बोलायची आणि ते इतक्या मोठ्यानं, की कटिंग टेबलावर बोलली तर पॅकिंगला ऐकू जायचं. रोज उशिरा यायची. आली की कारण सांगायची, आणि ते दर वेळी खोटं असायचं. चातुर्मासात तिला कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. बाकीचे आठ महिने माझ्या डब्यातल्या बटाट्यावर पहिला हक्क तिचा. "तुझ्या सासूच्या हाताला चव हाय गं," म्हणत डबा पुसून खायची आणि तसाच, धुतल्याशिवाय, माझ्या टेबलावर ठेवून द्यायची.

आणि जगाच्या कपड्यांवर जगणाऱ्या या बाईकडं स्वतःचे जेमतेम दोन-चार ड्रेस होते. त्यांना इस्त्री कधी माहीत नव्हती. मी मॅचिंग ओढणी, मॅचिंग पर्स, कडक इस्त्री अशी यायचे आणि भेटायला आलेला माणूस सरळ तिच्याशी बोलायला लागायचा. ते कसं व्हायचं हे मला अजून कळलेलं नाही.

तिची एक खोड मात्र मला कधीच सहन झाली नाही. समोर कुणीही असो, ती त्याच्या अंगावरचं कापड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची, चोळून बघायची आणि विचारायची, "कितीला पडलं?" एसटीत अनोळखी बाईचा पदर धरायची, लग्नात नवरीच्या आईचा शेला धरायची. एकदा आमच्या सुपरवायझरच्या वडिलांच्या दिवसकार्याला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले, आणि ही शेजारच्या म्हातारीच्या इरकलीचा काठ चिमटीत धरून बसली होती. मी कोपरानं ढोसलं तर म्हणाली, "अगं, असली वीण आता मिळत न्हाय." गंमत म्हणजे म्हातारी रडायची थांबली आणि साडी कुठं घेतली ते सांगायला लागली.

रविवारी ती आमच्याकडं यायची. तिची भाड्याची खोली राजारामपुरीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं होती, आणि स्वतः रांधण्यापेक्षा आमच्याकडं जेवणं तिला सोयीचं वाटायचं. आली की पिशवीतून गाऊन काढायची, बदलायची आणि आपल्याच घरात असल्यासारखी फरशीवर फतकल मारायची. माझे यजमान रविवारी क्रिकेट खेळायला जायचे, त्यामुळं आम्ही तिघी बायकाच, सगळ्या गाऊनवर.

अशाच एका रविवारी आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. बेल वाजली. सासूबाई उठल्या, जाता जाता खुर्चीवरचा टॉवेल ओढून खांद्यावर घेतला आणि दार उघडलं. कुरिअरवाला होता. पाकीट घेऊन त्या परत आल्या, टॉवेल खुर्चीवर टाकला आणि शेंगांना लागल्या. थोड्या वेळानं पुन्हा बेल वाजली. सासूबाईंनी टॉवेल उचलला, दाराच्या भिंगातून बघितलं, "आमची अक्का हाय," म्हणाल्या आणि टॉवेल हातातच ठेवून दार उघडलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण.

शैलजाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "नंदे, बघितलंस का?"

"काय बघायचं त्यात?"

"कुरिअरवाल्याला टॉवेल, अक्काला न्हाय."

"मग? अक्का घरातल्या आहेत."

"त्यातच सगळं हाय की," ती म्हणाली. "बेल वाजली की बाई काय ओढून घेती, ते बघायचं. जिच्यासाठी टॉवेल घेत न्हाय ती घरातली. बाकी सगळी पावणी. आपला धंदा पावण्यांवर हाय गं नंदे. घरातल्यांसाठी कोण नवा गाऊन घेतंय?"

पुढच्या आठवड्यात सॅम्पल रूममध्ये गाऊनच्याच कापडाची, गाऊनच्याच काठाची ओढणी शिवून तयार होती. गाऊन आणि ओढणी एकाच पिशवीत. अण्णांनी ती पिशवी हातात धरून शैलजाकडं असं बघितलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. तो टॉवेल मी लग्न झाल्यापासून रोज बघत होते. तो मी धुतला होता, वाळत घातला होता, घडी करून खुर्चीवर ठेवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. माझ्या घरातली गोष्ट, आणि नाव झालं तिचं.

त्यानंतर तिला वेडच लागलं. फोनवर परदेशी गिऱ्हाईक आलं की भाव, माल, मुदत यांच्या आधी हिचा प्रश्न, "तुमच्याकडं दाराची बेल वाजली तर बाई काय अंगावर घेते?" आधी समोरचा माणूस गांगरायचा, मग हसायचा आणि मग सांगत सुटायचा. मस्कतवाल्यांनी सांगितलं, घरात रंगीबेरंगी झगे असतात आणि दारावर काळा बुरखा अडकवलेला असतो. मोंबासाच्या बाईनं सांगितलं, छापील कापडाच्या जोड्या असतात, एक कमरेला, एक डोक्यावर. मी त्या वेळी जर्मनीच्या एका बाईंशी बोलत होते. त्यांना मी आमचा कॅटलॉग पाठवला होता. त्यात माझ्याच देखरेखीखाली काढलेला एक सुंदर फोटो होता: सकाळचं ऊन, भाजीचा गाडा आणि आमचा गाऊन घातलेली हसरी मुलगी, खांद्यावर टॉवेल. बाईंनी फार सभ्यपणे विचारलं, ही मुलगी आंघोळ अर्धी सोडून रस्त्यावर का आली आहे, काही दुर्घटना झाली आहे का?  शैलजानं मागून पुढं होऊन आपला प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, आमच्याकडं न कळवता कुणी बेल वाजवतच नाही.

फोन ठेवल्यावर शैलजा म्हणाली, "जर्मनी सोडून दे. ज्या गावात बेल वाजत न्हाय तिथं गाऊन कुणाला दाखवायचा?"

मी नाद सोडला नाही. आणखी काही महिने मी जर्मनीला पत्रं लिहीत बसले. ऑर्डर आली नाही ती नाहीच.

मग मस्कतचे व्यापारी कारखाना बघायला आले. त्यांच्या स्वागताची सगळी तयारी माझ्याकडं होती. मी आठवडाभर वाचून काढलं होतं, बायकांनी आपणहून हात पुढं करायचा नाही, डाव्या हातानं काही द्यायचं नाही, पायाचे तळवे समोरच्याकडं करून बसायचं नाही. सगळं टाईप करून अण्णांना दिलं. आणि आमच्याकडची रीत म्हणून फेटा बांधणाऱ्याला बोलावलं. अण्णांचा नियमच होता, पाहुणा बोडक्या डोक्यानं कारखान्यातून परत जायचा नाही.

पाहुणे गाडीतून उतरले ते पांढराशुभ्र झगा आणि डोक्याला घट्ट बांधलेलं ते नक्षीचं कापड अशा थाटात. मी ताट घेऊन पुढं झाले. फेटेवाल्यानं फेट्याची घडी सोडली, पाहुण्यांच्या डोक्याकडं हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पावणं, तेवढं डोक्याचं काढता का?"

शब्द कळले नसतील, पण हात कळला. पाहुण्यांचा चेहरा एकदम बंद झाला. चारचौघांत, अनोळखी अंगणात, डोक्यावरचं उतरवायला सांगत होतो आम्ही त्यांना. मी हातापायांचं सगळं वाचलं होतं, पण फेट्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. कसा शिवणार? फेट्याला आम्ही कपडा समजतच नाही. फेटा म्हणजे मान. मान घ्यायला कुणाची ना असेल हे कोल्हापूरच्या माणसाला सुचतच नाही.

अण्णांना काही कळेना. फेटेवाला पुढं सरकला. आणि तेवढ्यात शैलजा आली, अर्थातच उशिरा, केसांत सॅम्पल रूममधले दोरे अडकलेले. तिनं फेटेवाल्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं आणि आपल्या धेडगुजरी हिंदी-इंग्रजीत पाहुण्यांना सांगितलं, "साहेब, आमच्या कोल्हापुरात पाहुणा यजमानाचं डोकं बांधतो. जुनी रीत आहे. आमचे अण्णा तुमचं कापड बांधून घ्यायला थांबलेत."

असली रीत कोल्हापुरात कधीच नव्हती.  पाहुण्यांना हसू फुटलं. गाडीतल्या बॅगेतून त्यांनी दुसरं कापड मागवलं आणि अण्णांच्या डोक्याला बांधायला लागले. अण्णा नवरदेवासारखे ताठ उभे. फोटो निघाला. ऑर्डर आली. आता ती रीत आमच्याकडं खरोखरच पडली आहे. अण्णा प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून डोकं बांधून घेतात आणि आमच्या आजोबांपासूनची पद्धत म्हणून सांगतात.

जेवताना मी शैलजाला म्हटलं, "तू धडधडीत खोटं बोललीस."

"खोटं कशाला?" माझ्या डब्यात हात घालत ती म्हणाली. "बांधलं न्हाय व्हय पावण्यानं? मग खरंच झालं की."

मी त्या दिवशी घरी जाऊन रडले. ताट मी सजवलं होतं. माणूस मी बोलावला होता. वाचन माझं होतं. आणि आयत्या वेळी येऊन, केसांत दोरे घेऊन, तिनं सगळं आपल्या पदरात पाडून घेतलं. तिच्या जागी मला सुचलं असतं तर, एवढाच विचार मी करत होते, आणि आजही करते.

तरीही मी आशा सोडली नव्हती. मोंबासाचं काम वाढलं होतं. तिथल्या बाजारात दोन पिढ्यांचं कापडाचं दुकान असलेल्या झैनबबाई आमचा माल घेत होत्या. तिकडं थोरल्या बाईला 'मामा' म्हणतात, त्यामुळं आमच्याकडंही त्या मामा झैनब झाल्या आणि पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मामांना आमच्याकडचं एक माणूस निदान दोन वर्षं तरी तिथं हवं होतं, दुकानाशेजारी आमचं गोदाम उघडून बसेल असं. त्या स्वतः कोल्हापूरला येणार होत्या. अण्णा म्हणाले, "बाईंनाच ठरवू दे. तुमच्या दोघींत मी पडत न्हाय."

या वेळी मी कुणाला मध्ये येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. मामांना रविवारी जेवायला आमच्या घरी बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, भजी. पडदे धुतले. सासूबाईंना नवी साडी नेसायला सांगितलं, त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघरात मरालोय मी उकाड्यानं, मला गाऊनच बरा." मी मात्र माझ्या लग्नातला शालू काढला. अंबाडा, गजरा, नथ सुद्धा. मामा परदेशातून येणार, तर त्यांना आपली संस्कृती दिसली पाहिजे. असं मला वाटलं, आणि वाटण्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

शैलजाला मी बोलावलं नव्हतं. रविवार होता म्हणून ती आलीच. येताना मामांना त्यांच्या हॉटेलवरून रिक्षात घालून घेऊन आली.

मामा चांगल्या धिप्पाड, हसतमुख, अंगभर काळा बुरखा. उकडत होतं. पुरणपोळी बघून त्या म्हणाल्या, "चपाती!" त्यांच्याकडं चपातीला चपातीच म्हणतात म्हणे. भरपूर जेवल्या. जेवण झाल्यावर त्यांनी बुरख्याच्या गळ्याशी हात नेऊन वारा घेतला. मी पंखा वाढवला. शैलजानं पंख्याकडं बघितलंही नाही. तिनं पिशवीतून दोन गाऊन काढले, एक मामांच्या हातात दिला आणि त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. दोघी बदलून बाहेर आल्या तेव्हा मामांचा चेहराच निराळा दिसत होता. फरशीवर बसल्या, पाय पसरले आणि सासूबाईंसोबत शेंगा फोडायला लागल्या. भाषेची कुणाला अडचण वाटली नाही. मी सोफ्यावर बसले. शालूत खाली बसता येत नाही.

आणि बेल वाजली.

सासूबाईंचा हात खुर्चीवरच्या टॉवेलकडं गेला. मामांनी बुरख्याबरोबर काढून शेजारी ठेवलेलं आपलं छापील कापड झटक्यात डोक्यावर घेतलं. शैलजानं गाऊनची ओढणी खांद्यावर टाकली. तिघींचे हात एकाच वेळी उठले, आणि ते तिघींनाही दिसलं. मामा आधी हसल्या. मग सासूबाई. मग शैलजा सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून इतकी हसली, की शेंगांचं ताट कलंडलं.

दार उघडायला मी गेले, कारण तयार अशी मी एकटीच होते. सिलेंडरवाला होता. तो माझ्या नथीकडं बघून म्हणाला, "वैनी, कार्य हाय व्हय घरात?"

मी सिलेंडर आत घेतला. मागं तिघी अजून हसत होत्या. मला ओढून घ्यायला काही नव्हतं. मी आधीच नखशिखांत झाकलेली होते. पासपोर्ट कपाटात होता. तो तिथंच राहणार हे मला त्या दारात उभं असताना कळलं.

सोमवारी अण्णांनी दोघींना आत बोलावलं. मामांनी शैलजाला मागितलं होतं. अण्णा मला म्हणाले, "नंदाबाई, हितलं सगळं तुमच्यावर हाय. तुमच्याशिवाय हितलं पान हलत न्हाय." पान हलत नाही ते खरं आहे. मीही हलले नाही.

शैलजाकडं पासपोर्टसुद्धा नव्हता. तो घाईघाईनं काढायला अर्ज कसा भरायचा, कुठली कागदं लागतात, हे तिनं मलाच विचारलं आणि मी सगळं सांगितलं. अर्ज भरताना माझ्या टेबलावर बसून ती म्हणाली, "नंदे, तू रुसलियास का?"

मी म्हटलं, "मी कशाला रुसू?"

"मग बरं. मला तिकडं तुझा डबा न्हाय मिळायचा बघ," ती म्हणाली आणि पुढचा रकाना भरायला लागली. तिला खरंच काही कळत नव्हतं का कळून वेड पांघरत होती, हे मी त्या दिवसांत खूपदा स्वतःशी घोळवलं. पुढचे रविवार मी काही ना काही कारणं सांगितली. एकदा माहेरी जायचंय म्हटलं, एकदा सासूबाईंचे गुडघे, एकदा तर मी घरात असून नाही म्हणून सांगितलं.

ती जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी एकटीच होते. सासूबाई आत झोपल्या होत्या. मी गाऊनवर होते, हातात इस्त्री. बेल वाजली, तिची नेहमीची, बोट न उचलता दाबून धरलेली. पाठोपाठ हाक आली, "नंदे, उघड की. मीच हाय."

मी इस्त्री उभी ठेवली. दाराकडं निघाले. आणि माझा हात खुर्चीकडं गेला.

मी टॉवेल खांद्यावर घेतला, दोन्ही बाजूंनी नीट सारखा केला आणि दार उघडलं.

ती दारात उभी होती. काखेत तीच कापडी पिशवी, आणि पिशवीच्या तोंडातून निळा गाऊन डोकावत होता. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. माझ्या खांद्याकडं बघितलं. सवयीनं तिचा अंगठा आणि बोट पुढं आलं, टॉवेलचा काठ चिमटीत धरायला, आणि मध्येच थांबलं. तिनं हात मागं घेतला आणि पिशवीतला गाऊन आत दाबला.

"आत ये ना," मी म्हटलं.

"न्हाय, थांबत न्हाय. खाली रिक्षा थांबलिया." तिचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. "सासूबाईंना सांगा."

मी पाणी तरी घे म्हणाले. तिनं मान हलवली. मग परक्या माणसासमोर हसतात तसं नीट, तोंड मिटून हसली.

"येतो मी, नंदाताई."

इतक्या वर्षांत तिनं मला ताई म्हटलं नव्हतं. ती जिना उतरत होती तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला सुचलं ते एवढंच की सांभाळून जा, आणि तेही तिला ऐकू गेलं नसावं.

मी गॅलरीत आले. खाली रिक्षा नव्हती. ती पिशवी काखेत घट्ट धरून उन्हातून चालत निघाली होती. भाजीच्या गाड्यापाशी गाऊन घातलेली एक बाई उभी होती, पण शैलजा थांबली नाही, तिचं कापडही तिनं बघितलं नाही. कोपऱ्यावर वळताना तिनं ओढणी डोक्यावर ओढून घेतली.